ताडपत्रीखालचा रंग

“अहो, कोण आहे त्या खड्ड्यात?”

खड्डा चांगला पुरुषभर खोल होता. त्यातून नुसती एक पिवळी टोपी वर दिसत होती. ती हलली आणि खालून आवाज आला, “मी आहे.”

“मी म्हणजे कोण?”

“सरकारी माणूस. माती तपासतेय. जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय.”

“सरकारी माणसाला माझ्या जमिनीत खड्डा खणायला कोणी सांगितलं, ते कळेल का?”

टोपी गर्रकन वळली. टोपीखाली एक गोल, मातीने माखलेला चेहरा होता, आणि चूक समोरच्याचीच असणार अशी पुरेपूर खात्री असलेले दोन डोळे. वर काठावर एक उंच, सडपातळ तरुण कमरेवर हात ठेवून उभा होता.

“तुमची कशी? ही तर पलीकडच्या—”

“पलीकडची पलीकडे. तो चुना फासलेला दगड दिसतोय? त्याच्या अलीकडचं सगळं माझं. म्हणजे… माझं आणि ताईचं.”

तिने टाचा उंचावून पाहिलं. दगड होता. मजुरांना रोज हद्दीवरून दटावणारी ही बया स्वतःच सकाळपासून दुसऱ्याच्या रानात खणत बसली होती! मजूर जेवायला गेले होते, म्हणून निदान हसायला तरी कोणी नव्हतं. हा एकटा होता, आणि तो पोट धरून हसत होता.

“हसताय काय एवढं? बुजवून देईन.”

“छे, छे, बुजवू नका! खणलाच आहे तर बघून सांगा की. मला लिंबाची बाग लावायची आहे इथे. गेली कित्येक वर्षं दुसऱ्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधतोय. आता स्वतःची बाग.”

‘स्वतःची’ म्हणताना त्याने हाताने उगीचच सगळी जमीन दाखवली. जमीन दिसायला खरोखरच देखणी होती. मागे टेकडी, टेकडीचा उतार हळूहळू निवत आलेला, आणि पायथ्याशी हे ताटासारखं सपाट रान. उतार जिथे थकून बसतो तिथली जागा. पण सपाट जागेचा मातीवाल्यांना कधीच भरवसा वाटत नाही, म्हणून तर तिने आज मुद्दाम खाली येऊन खड्डा घेतला होता. तळ आत्ता कुठे लागला होता, माती नीट बघायची अजून बाकीच होती.

तेवढ्यात टप्पकन एक थेंब तिच्या नाकावर पडला. पावसाचे दिवस नव्हते, तरी आभाळ दुपारपासून कुरकुरत होतं. बघता बघता सर आली. तो पळत सुटला. पळून गेला म्हणावं, तर मोटरसायकलला बांधलेली एक मोठी केशरी ताडपत्री घेऊन परत आला, ती खड्ड्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि कोणी ‘या’ म्हटलेलं नसताना खाली उडी मारली.

“अहो! इथे एकाचीच जागा आहे!”

“खड्डा तुमचा, जमीन माझी. निम्मं-निम्मं.”

आता खड्ड्यात दोघं, वर तडतडणारा पाऊस, आणि ताडपत्रीतून झिरपणारा तो केशरी उजेड. तिचे मातीचे हात केशरी, त्याचा पांढरा शर्ट केशरी, भिंतीसुद्धा केशरी. काही बोलायला हवं म्हणून तिने भिंतीतून चिमूटभर माती काढली, ओली केली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“अंगठ्याने दाबत दाबत पुढे सरकवा. पट्टी निघते का बघा. लगेच तुटली तर वाळू जास्त. लांब गेली तर चिकणमाती.”

कलमं बांधणारा हात तो. अशी पट्टी निघाली, की बोटावरून लोंबायला लागली.

“माझी तुटतच नाही,” तो म्हणाला.

“कौतुक मातीचं आहे. तुमचं नाही.”

“थोडं माझंही करा. इतका भिजून आलोय.”

ती हसली. हसली आणि फसली, असं आपण म्हणू या, कारण हसताना तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आधीपासूनच पाहत होता.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. माती वाचायची म्हणजे नुसती बोटाने चाचपून भागत नाही, तिचा रंग पाहावा लागतो. खाली घट्ट चिकणमाती असली म्हणून काही बिघडत नाही. विटेसारखा तांबूस रंग असेल, तर तिच्यात हवा खेळते, पाणी येतं आणि जातं. पण राखाडी रंग असला आणि त्यात गंजासारखे ठिपके असले, तर तिथे पाणी महिनोन्महिने मुक्काम ठोकून बसतं. आणि रंग पाहायचा तो उघड्यावर, स्वच्छ उन्हात. डोळ्यांवर गॉगलसुद्धा चालत नाही. नव्या मुलांना हे शिकवताना ती इतकी कडक व्हायची, की मुलं तिला मागून ‘हेडबाई’ म्हणायची.

“मग?” त्याने विचारलं. “माझ्या लिंबांना चालेल ना?”

तिने भिंतीवरून नजर फिरवली. वरपासून खालपर्यंत सगळं कसं छान विटकरी.

“चालेल की. पाणी थांबणार नाही इथे. लावा बिनधास्त.”

‘उद्या उन्हात परत बघू,’ असं तिच्या मनात येऊन गेलं. गेलं ते गेलंच. पाऊस रात्रभर लागला, खड्डा काठोकाठ भरला, भिंती ढासळल्या. ऑफिसच्या लेखी तर तो चुकीच्या हद्दीतला खड्डा. त्यांनी पलीकडे, उतारावर जरा वर नवा खणला, तिथली माती खरंच तांबडी निघाली, आणि काम पुढे सरकलं. निघताना मात्र तिने ढासळलेल्या काठावरचं, तळातून काल वर आलेलं एक ढेकूळ उचललं आणि त्याने नाक पुसायला दिलेल्या रुमालात बांधून घेतलं. कशाला? ते तिला विचारू नका. उत्तर द्यायची नाही.

त्यानंतर मग काय… ‘अहो’चं ‘अरे’ व्हायला कितीसा वेळ लागतो! ऑफिस सुटायच्या वेळी फाटकाबाहेर मोटरसायकल दिसायला लागली. तो तिला ‘मातीवाली’ म्हणायचा, ती त्याला ‘बागाईतदार’. “बाग कुठाय रे तुझी?” “लावणारी मिळाली की लागेल.” असलं काहीतरी. ऐकणाऱ्याला पोरकट वाटेल, पण त्या दोघांना ते पुरत होतं.

ताईशी भेट बेकरीत झाली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, पहाटे उठून, भट्टीसमोर उभं राहून. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती पिठाचा नवा गोळा मळायला घ्यायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते.

“हीच का ती मातीवाली?” ताईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. “नुसती हाडं आहेत गं बाई. बैस आधी, गरम पाव खा. मग बोलू.”

पावाबरोबर लोणी आलं, लोण्याबरोबर चौकशी. शेवटी ताईने हात पुसले आणि ती सरळ मुद्द्यावर आली. “हे बघ, याने आधी दोनदा हात पोळून घेतलेत. एकदा कोंबड्या पाळल्या, एकदा दुकान काढलं. दोन्ही बुडालं. तो मनाने चांगला आहे, पण त्याचं नुसतं बोलणं ऐकून मी आता काही करायची नाही. तू माती शिकलेली आहेस. तू सांग. जमीन चांगली आहे?”

“चांगली आहे ताई.”

“मग मी ही बेकरी विकते. रोपं, विहीर, कुंपण, सगळं होईल त्यात. मलाही आता भट्टीसमोर उभं राहवत नाही.” आणि तिने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. “तिच्या शब्दावर करतेय हं, तुझ्या नाही!”

तिघंही हसले. तो सगळ्यात जास्त हसला.

लग्न ठरलं. ताई स्वतः तिच्या घरी येऊन तिच्या आईशी बोलून गेली. त्या दुपारी तिने कपाटातून तो रुमाल काढला. “आई, गंमत बघ. हा आमचा पहिला दिवस.”

“लोक फुलं जपून ठेवतात,” आई म्हणाली. “आमच्या लेकीने ढेकूळ ठेवलंय! अगं, कपाटात मुंग्या होतील.”

ती हसत हसत ढेकूळ घेऊन मागच्या अंगणात आली. लख्ख ऊन पडलं होतं. सवयीने तिने नळाखाली बोटं ओली केली, सवयीनेच ढेकूळ फोडून ओलं केलं आणि उन्हात धरलं.

ते राखाडी होतं.

विझलेल्या चुलीतल्या राखेसारखं, आणि त्यात गंजाचे बारीक ठिपके. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं, दुसरा तुकडा ओला केला, तिसरा केला. मग तिला ती ताडपत्री आठवली. केशरी हात, केशरी शर्ट, आणि ती छान विटकरी भिंत… पहिल्या वर्षाच्या मुलानेही केली नसती अशी चूक. आणि ती कशी झाली हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ती भिंतीकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती एकटीच रानात गेली. हाताने फिरवायचं लांब गिरमिट घेऊन एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, एकदा मधोमध तिने माती वर काढली आणि उन्हात मांडली. सगळीकडे तेच. वरची कमरेपर्यंतची माती टेकडीवरून वाहून आलेली, हलकी, भुसभुशीत, कोणीही मोहात पडावं अशी. तिच्याखाली एकदम, सुरीने कापल्यासारखा फरक, आणि मग ती घट्ट राखाडी चिकणमाती. गिरमिट फिरवताना तिच्या हातांना फोड आले. त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

तो रोपवाटिकेत कलमं बांधत बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा फुलला. “आज इकडे कशी वाट चुकली मातीवाली?”

तिने सगळं सांगितलं. ताडपत्रीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला, हातातलं कलम तसंच अर्धवट.

“म्हणजे नक्की काय होईल?”

“कोरड्या दिवसांत काहीच कळणार नाही. पावसाळा लागला, की टेकडीचं सगळं पाणी मातीखालून सरकत येतं आणि त्या चिकणमातीवर येऊन बसतं. खाली जाता येत नाही, बाजूला जायला उतार नाही. पाऊस संपला तरी ते तिथेच. पहिली दोन वर्षं झाडं मस्त वाढतील, मुळं वरच असतात ना… मग मुळं खाली पोचतील आणि पाण्यात कुजतील. पानं पिवळी पडतील. एकूण एक झाड जाईल.”

“चर खणू.”

“खणशील, पण पाणी सोडशील कुठे? चारी बाजूंचं रान त्याच पातळीला आहे.”

त्याने हातातलं कलम खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, “ताईला सांगितलंस?”

“आधी तुझ्याकडे आले.”

“मग नको सांगूस.”

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “अरे, शनिवारी तिच्या बेकरीचे कागद होणार आहेत!”

“म्हणूनच म्हणतोय. एकदा ते होऊ दे. आपलं लग्न होऊ दे. दोन वर्षं झाडं वाढतील म्हणालीस ना? दोन वर्षांत मी काहीतरी करीनच की. ही विकून दुसरी घेईन. हिरवीगार बाग दिसली, की घेणारा माती खणून बघत नाही.”

“आणि घेणाऱ्याचं काय? ताईचं काय? तिच्याकडे त्या बेकरीशिवाय दुसरं आहे काय?”

“तुला नाही कळायचं!” त्याचा आवाज एकदम चढला, मग तितकाच खाली आला. “कोंबड्या मेल्या तेव्हा ती काही बोलली नाही. दुकान बुडालं तेव्हाही नाही. नुसती बघायची माझ्याकडे. आता पहिल्यांदा… पहिल्यांदा ती लोकांना सांगतेय, माझा भाऊ बाग लावतोय. तिसऱ्यांदा मला तिची ती नजर सहन नाही व्हायची.” त्याने तिचा हात धरला. त्याच्या बोटांनी तिचे फोड दुखले. “प्रेम आहे ना तुझं माझ्यावर? मग गप्प बस. एवढंच मागतोय.”

“आहे रे,” ती म्हणाली. “तोच तर सगळा घोळ झालाय.”

त्या रात्री आईने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. गप्प बसणं किती सोपं होतं! दोन महिन्यांनी लग्न, तो रोज संध्याकाळी घरी, ताईच्या हातचा गरम पाव. फक्त ताईकडे बघताना दर वेळी मान खाली घालावी लागली असती, आणि तेही दोनच वर्षं. त्यानंतर ताईला आपोआपच कळलं असतं. सकाळी उठल्यावर तिने केस बांधले आणि ती थेट बेकरीवर गेली. वाटेत थांबली असती तर परत फिरली असती.

ताई भट्टीतून पावांचे तवे काढत होती. तिने मान न वळवताच म्हटलं, “आलीस? बैस. आज काही खाल्ल्याशिवाय सोडायची नाही.”

“ताई, बेकरी विकू नका.”

तवा ओट्यावर ठेवून ताई वळली. तिने सांगायला सुरुवात केली आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. जमीन चांगली नाही. पाणी थांबतं. झाडं मरतील. मी नीट बघितलं नाही, मी चुकले. ताईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती पिठाच्या पोत्यावर बसली. किती तरी वेळ तिने कपाळाचा घामही पुसला नाही.

मग तिने विचारलं, “त्याला माहीत आहे?”

रस्ताभर तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवली होती, हा एक सोडून. ताई तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, भीतीने. जमीन गेली, बाग गेली, ते ताईने सोसलं असतं. पण आपण हाताला चटके घेऊन वाढवलेला भाऊ सगळं ठाऊक असून आपली बेकरी विकायला लावत होता, हे? ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि तिची जीभच रेटेना. त्याच्यासाठी की ताईसाठी, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “त्याला काहीच माहीत नाही. चूक माझी एकटीची आहे.”

ताईने मोठा श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर परत रंग आला, आणि मागोमाग राग. “आणि हे तू आत्ता सांगतेस? कागद व्हायच्या तोंडावर? त्या पोराने तुझ्या शब्दावर स्वप्नं बघितली! खड्डे आखलेत त्याने, रोपं सांगून ठेवलीत! तुझ्या भरवशावर आम्ही रस्त्यावर आलो असतो ना गं!”

“हो ताई.”

“हो काय? अशा माणसाच्या हातात मी माझा भाऊ कसा देऊ?”

दारात मोटरसायकल थांबली. तो आत आला आणि दोघींना बघून जागीच खिळला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने कालपासून अन्नाचा कण खाल्ला नव्हता, डोळे चुरचुरत होते, पण त्या क्षणी तिला खरंच आशा वाटली. एकच वाक्य पुरलं असतं. ‘ताई, मला काल सांगितलं होतं तिने.’ बस, एवढंच. मग ताई कितीही चिडली असती तरी चाललं असतं, बाग नसती तरी चाललं असतं. ती त्याच्याबरोबर कुठेही राहिली असती.

“ऐकलंस का?” ताई म्हणाली. “जमीन कुचकामी आहे म्हणे. आज सांगायला आलीय.”

त्याने ताईकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या तव्याकडे. मग तिच्याकडे, पण डोळ्यांत नाही, कुठे तरी खांद्याजवळ.

“तू…” तो म्हणाला. “तू हे मला आधी का नाही सांगितलंस?”

भट्टीत काहीतरी करपल्याचा वास यायला लागला होता. ताई लगबगीने उठली.

“राहून गेलं,” ती म्हणाली.

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. सकाळची वर्दळ सुरू झाली होती, दुकानांची दारं उघडत होती. मागून ताईचा आवाज आला, एकदम मऊ झालेला, लहान मुलाशी बोलावं तसा. “जाऊ दे रे राजा, बैस. चहा टाकते. तुला बिचाऱ्याला काय माहीत होतं?”

यावर तो काय म्हणतो ते ऐकायला ती भिंतीला टेकून जरा थांबली. आत कपबश्या वाजल्या, खुर्ची सरकली, चहाच्या पातेल्यात चमचा फिरला. तो काहीच म्हणाला नाही.